वरच्या चार खोल्या

गल्लीच्या तोंडाशी जे दुमजली घर आहे, त्याला बाहेरून लोखंडी जिना आहे. त्या जिन्यावर कुणाचं पाऊल वाजतंय, हे मावशींना स्वयंपाकघरात पाठमोरं बसूनही सांगता यायचं. एक जण एक पायरी गाळून उतरायचा. एक जण उशीर झाला की चपला हातात घेऊन उतरायचा, जणू आवाज झाला नाही तर उशीरही होणार नाही. एकाला तर ‘भूकंप’ असंच नाव पडलं होतं, कारण तो उतरायला लागला की फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. तीसहून जास्त वर्षं वरच्या चार खोल्यांत विद्यापीठाची मुलं राहिली. किती आली नि किती गेली याचा हिशोब मावशींनी ठेवला नाही, पण कुणीही अर्ध्या आयुष्यानंतर दारात येऊन उभं राहिलं तरी तोंडातून आधी त्याचं टोपणनाव बाहेर पडायचं आणि मग मावशी जीभ चावायच्या.

हे सगळं सुरू झालं ते एका वर्षापुरतं म्हणून. मावशी तेव्हा मावशी नव्हत्या. गल्ली त्यांना वहिनी म्हणायची. त्यांचे यजमान विद्यापीठाच्या छापखान्यात जुळारी होते. दिवसभर शिशाचे खिळे चिमट्याने उचलून ओळी लावायच्या, त्याही उलट्या. त्यामुळे त्यांना कुठलंही नाव उलटं वाचायची सवय लागली होती. त्या वर्षी विद्यापीठाने दोन नवे विभाग एकदम उघडले, आणि नव्या विभागांत येणारी मुलं झोपणार कुठे, हे बहुधा कुणाच्या लक्षातच आलं नाही. वसतिगृह भरलं, व्हरांडे भरले, आणि मग वसतिगृहाचा कारकून काखेत रजिस्टर मारून गल्लीत दारोदार फिरू लागला. एखादी खोली असेल तर बघा, एखादा मुलगा तरी ठेवून घ्या. कुणाच्या घरात उपवर मुलगी होती, कुणाला रक्तदाब होता. समोरच्या घरातल्या भूमितीच्या मास्तरांनी सांगितलं की संध्याकाळी आपल्या शिकवण्या असतात, गडबड चालणार नाही. कारकून शेवटी मावशींच्या पायरीवर टेकला आणि पाणी मागितलं. तेवढ्यात यजमान कामावरून आले. बोटांना शाई तशीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बायकोला विचारलं, “वर आपण काय ठेवलंय?”

“रद्दी,” मावशी म्हणाल्या. छापखान्यात फुकट गेलेले कागद यजमान वर्षानुवर्षं घरी आणत होते.

“मग रद्दीऐवजी पोरं ठेवू. एक वर्ष.”

पहिल्या आठवड्यातच पहिला मुलगा तापाने फणफणला. मावशींनी मऊ भात करून वर नेला, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. तो ग्लानीत त्यांना ‘मावशी’ म्हणाला. त्याची खरी मावशी दोनशे मैलांवर होती. बरा झाल्यावर तो ओशाळला, पण बाकीच्या तिघांनी तोपर्यंत तो शब्द उचलला होता. वर्ष संपलं, दुसरं लागलं, आणि खोल्या रिकाम्या करायचा विषय कुणी काढला नाही.

त्या दिवसांबद्दल मावशी बोलायला लागल्या की थांबत नसत. जिन्याखाली एक पाटी टांगलेली असे, तिच्यावर आंघोळीच्या पाळ्या लिहिलेल्या. परीक्षा जवळ आली की पाळ्यांची अदलाबदल चाले, आणि ‘तू माझी साडेसहाची घे, मी तुला समाजशास्त्राची टिपणं देतो’ असे सौदे होत. एक मुलगा वनस्पतीशास्त्राचा होता, तो न्हाणीघराच्या भिंतीवरचं शेवाळ मावशींना घासूच देईना. ‘ही जात इथे सापडायलाच नको होती,’ असं तो हात जोडून सांगायचा. त्याचं नाव अर्थातच शेवाळ्या पडलं. मावशींनी त्याच्या बाटल्यांना फडताळाचा एक कप्पा मोकळा करून दिला. जेवताना यजमान प्रत्येकाचं नाव उलटं करून हाक मारायचे, आणि जो ओळखेल त्याला एक अंडं जास्त मिळायचं.

मावशींना एकच मुलगी. ती या गर्दीत वाढली. बीजगणित तिला भूकंपाने शिकवलं, सायकल तिला शेवाळ्याने शिकवली. पण पुढे परिचारिका होऊन दुसऱ्या गावी गेल्यावर तिने एकदा सुट्टीत सहज बोलावं तसं म्हटलं, “आई, आपल्या घरात शेवाळ्याच्या बाटल्यांना कप्पा होता. माझ्या पुस्तकांना नव्हता.”  ते वाक्य खरं होतं. मुलगी घर सोडेपर्यंत स्वयंपाकघरात अंथरूण घालून झोपली होती.

नवव्या वर्षी ‘शिट्टी’ आला. जिना उतरताना शीळ घालायचा म्हणून शिट्टी. सूर पक्का, मुलगा सरळ. त्याची शीळ समोरच्या घरात कुणीतरी कान देऊन ऐकतंय, हे मावशींच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. ती ऐकणारी मास्तरांची धाकटी मुलगी होती. मास्तर म्हणजे घड्याळ लावून जगणारा माणूस. त्यांना हे सांगायची हिंमत त्या दोघांना झाली नाही. एके सकाळी दोघं मावशींच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली आणि म्हणाली की नोंदणी कार्यालयात साक्षीदार कमी पडतोय. मावशींनी हात पुसले, चष्मा घेतला, जाऊन सही केली. वाटेत त्यांना तीनदा वाटलं की आधी मास्तरांना सांगावं. तीनदा त्यांनी तो विचार गिळला.

मास्तरांनी मुलीला वर्षभरात जवळ केलं. जावयालाही केलं, नातवंडं झाल्यावर तर ते त्याच्याबरोबर फिरायला जाऊ लागले. पण मावशींशी त्यांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. पुढच्याच वर्षी मावशींचे यजमान छातीत कळ येऊन गेले. तीन दिवस रुग्णालयात होते, आणि ते तिन्ही दिवस वरची मुलं पाळीपाळीने बाहेरच्या बाकावर पुस्तक उघडून बसली होती. पानं मात्र कुणीच उलटत नव्हतं. अंत्ययात्रा निघाली तेव्हा मास्तर आपल्या फाटकापाशी उभे राहिले, मान खाली घालून. गल्लीच्या वळणापर्यंत चालत आले. मावशींकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. त्यानंतर मावशींनी खोल्या फक्त मुलींना दिल्या. जिन्यावरची पावलं हलकी झाली, पाटीवरचं अक्षर सुधारलं, बाकी सगळं तसंच चालू राहिलं.

मग एके दिवशी विजेच्या खांबावर सूचना लागली. गल्लीच्या मागच्या मैदानावर विद्यापीठ मुलींचं वसतिगृह बांधणार होतं. नऊ मजले, सातशे खाटा. ये-जा गल्लीतून.

गल्ली खडबडून जागी झाली. नळाला आधीच करंगळीएवढं पाणी येत होतं. गाड्या लावायला जागा नव्हती. सातशे मुली, त्यांना भेटायला येणारे, त्यांचे डबेवाले, रिक्षावाले. लोकांचं म्हणणं खोटं नव्हतं. विद्यापीठाचंही खोटं नव्हतं. एकेका खोलीत चौघी-चौघी राहत होत्या, काही जणी दोन-दोन तासांचा प्रवास करून वर्गात यायच्या आणि बाकावर पेंगायच्या. गल्लीत समिती झाली. मास्तर अध्यक्ष, आणि वळणावरचे औषधवाले सचिव. विद्यापीठानेही घरोघर एक पत्रक वाटलं. त्यात लिहिलं होतं की नव्या इमारतीमुळे परिसरातल्या ‘अनियंत्रित व असुरक्षित खासगी निवासव्यवस्थेला’ आळा बसेल. मावशींनी ते पत्रक दोनदा वाचलं. मग वरच्या एका मुलीला वाचायला दिलं, आपलं काही चुकत तर नाही ना म्हणून.

“म्हणजे मी,” मावशी म्हणाल्या. “असुरक्षित मी.”

मुलगी हसली. मावशींना हसू आलं नाही. एकतीस वर्षांपूर्वी याच विद्यापीठाचा माणूस पायरीवर पाणी प्यायला होता.

दोन दिवसांनी दुपारी दार वाजलं. मास्तर उभे होते, हातात कागदांची गुंडाळी. एकोणीस वर्षांत ते पहिल्यांदा या बाजूला आले होते. केस पूर्ण पिकले होते. समोरासमोर राहूनही मावशींना ते इतक्या जवळून आत्ता दिसले.

“वहिनी, एक सही हवी होती.”

मावशींनी पदराला हात पुसले. घाई केली नाही.

“माझी सही तुम्हाला चालते?”

 मास्तरांच्या हातातली गुंडाळी सुटू लागली तशी त्यांनी ती पुन्हा घट्ट केली. मग आत येऊन ते खुर्चीच्या कडेवर बसले, आणि म्हणाले, “ती सही चुकीची नव्हती. मला विचारलं नाहीत, एवढंच.”

“विचारलं असतं तर?”

“नाही म्हणालो असतो.” ते जमिनीकडे बघत होते. “मुलीवर राग धरवेना. जावयावर धरायला गेलो तर तो भला निघाला. राग शिल्लक होता, तो तुमच्या दारात ठेवला.”

मावशींनी चहा टाकला.  चहा उकळेपर्यंत मास्तरांनी टेबलावर कागद उलगडले होते. त्यात अर्ज एकच होता, बाकी आकृत्या होत्या. सेवानिवृत्त माणसाने कंपास आणि पट्टी पुन्हा बाहेर काढली होती. नऊ मजल्यांची सावली कुठल्या महिन्यात, किती वाजता, कुणाच्या घरावर पडेल, ते त्यांनी घरागणिक काढलं होतं. हिवाळ्यात गल्लीतल्या चौदा घरांना साडेअकरापर्यंत ऊन मिळणार नव्हतं. मास्तरांच्या स्वतःच्या गच्चीवर डब्यांत लावलेली झाडं होती, बायको गेल्यापासून ती त्यांची सोबत. त्यांचं नाव मात्र त्यांनी यादीत सगळ्यात शेवटी लिहिलं होतं.

मावशींनी आकृत्या नीट पाहिल्या. मग अर्ज वाचला. तिसऱ्या ओळीत ‘विद्यार्थिनींचा व विद्यार्थ्यांचा नित्याचा उपद्रव’ असे शब्द होते. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

“हा शब्द काढा, मग सही करते.”

“उपद्रव झालाच नाही म्हणता? ती शीळ मी दोन वर्षं ऐकली आहे.”

“त्या उपद्रवाची मुलं तुमच्या मांडीवर बसून गुणाकार शिकली.”

मास्तरांच्या ओठांचा कोपरा हलला. ते हसू होतं की काय, हे मावशींना पुढेही कळलं नाही. पण त्यांनी खिशातलं पेन काढून तो शब्द खोडला, एका सरळ रेघेत.

औषधवाल्यांना मात्र ते पटलं नाही. त्या शब्दातच सगळा जोर आहे, असं त्यांचं म्हणणं. समितीत दोन रात्री घासाघीस झाली आणि शेवटी तिचे दोन तुकडे पडले. औषधवाल्यांचा अर्ज होता ‘वसतिगृह नकोच’. मास्तरांचा आणि मावशींचा होता ‘हवं, पण असं नको’. गल्लीत कुजबुज सुरू झाली. मावशींना स्वतःच्या खोल्या रिकाम्या पडायची भीती आहे, असं काहीजण म्हणाले. दुसरे म्हणाले की त्या विद्यापीठाला फितूर झाल्या. ही दोन्ही एकाच वेळी कशी खरी असतील, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

सुनावणी विद्यापीठाच्या सभागृहात झाली. व्यासपीठावर इमारतीची पुठ्ठ्याची प्रतिकृती होती, भोवती स्पंजाची झाडं. गल्लीतली घरं म्हणजे नुसते करडे ठोकळे. मावशींनी आपला ठोकळा शोधला. त्याला जिना नव्हता.

मास्तरांनी आकृत्या लावल्या आणि वर्गात शिकवावं तसं सगळं शिकवलं. मागच्या रांगेतले दोन अधिकारी त्यांचेच जुने विद्यार्थी निघाले, ते आपोआप ताठ बसले. मग मावशींचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी आयुष्यात कधी ध्वनिक्षेपक धरला नव्हता. त्यांनी तो बाजूला सारला.

“मला नकाशा कळत नाही,” त्या म्हणाल्या. “मला घर कळतं. सातशे मुली म्हणता. घरापासून लांब आलेल्या सातशे जणींतल्या चाळीस-पन्नास रोज कशानं तरी रडणार. कुणाला ताप येणार, कुणी नापास होणार, कुणाचं पत्र यायचं थांबणार. त्यांनी कुणाचं दार वाजवायचं, ते या नकाशात दाखवा.”

वास्तुरचनाकाराने अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी म्हणाले की फाटकावर चोवीस तास पहारेकरी असेल.

“तो बाहेरून कोण येतं ते बघेल. मी आतलं विचारते आहे.”

मग त्या गल्लीच्या माणसांकडे वळल्या. बोलणं तेवढ्याच शांत आवाजात. “आणि आपण. तेव्हा तो कारकून रजिस्टर घेऊन आला होता. एकेका घरानं एकेक पोर ठेवून घेतलं असतं, तर आज नऊ मजले लागले असते का, मला ठाऊक नाही. मी कुणाला बोल लावत नाही. आमच्या घरीही कुणी मोठं मन केलं नव्हतं. ह्यांना फक्त रद्दी हलवायची होती.”

सभागृहात हशा पिकला. औषधवाले उठून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं की वहिनी नक्की कुणाच्या बाजूने आहेत, एकदा स्पष्ट सांगा. मावशींनी थोडा विचार केला.

“मी कोपऱ्यावर राहते,” त्या म्हणाल्या. “मला दोन्हीकडचं दिसतं.”

निकाल यायला आठ महिने लागले. नवाचे सहा मजले झाले, आणि गल्लीकडची बाजू तीन मजल्यांवरच थांबली. फाटक हमरस्त्याकडे गेलं. पाण्यासाठी वेगळी टाकी मान्य झाली. मजल्यावर राहणारी, मुलींची देखभाल करणारी बाई प्रत्येक मजल्याला हवी, असं मावशींनी मागितलं होतं. सहा मजल्यांना मिळून दोघी मंजूर झाल्या. औषधवाले न्यायालयात गेले, हरले, आणि वसतिगृह उघडल्यावर त्यांचंच दुकान सगळ्यात जास्त चाललं. तरी ते मावशींशी घुश्शातच बोलत. त्यांना गोळ्या द्यायच्या असल्या तर पुडी काचेवर ठेवून दुसरीकडे बघत.

बांधकाम दोन वर्षं चाललं. दिवसभर खडी पाडणाऱ्या गाड्यांचा आवाज, आणि धूळ अशी की पाटीवर सकाळी लिहिलेल्या पाळ्या दुपारी दिसेनाशा व्हायच्या. वरच्या मुली कानात बोळे घालून वाचायच्या. एकेक करत त्या निघाल्या. शेवटची इतिहासाची होती, अबोल. ती जाताना जिन्यात दोनदा थांबली आणि म्हणाली, “मावशी, मी दुसरी खोली घेतली नसती. पण परीक्षा आहे.” मावशींनी तिची पेटी स्वतः रिक्षापर्यंत नेली. वर येऊन त्यांनी चारही खोल्या झाडल्या. एका भिंतीवर कुणीतरी पेन्सिलीने गणित सोडवलं होतं, उत्तर चुकलं होतं आणि खाली दुसऱ्या अक्षरात ते बरोबर केलं होतं. किती वर्षांचं असेल कोण जाणे. त्यांनी ती भिंत रंगवायला दिली नाही.

त्या हिवाळ्यात मास्तरांचा हिशोब खरा ठरला. तीन मजल्यांमुळे सावली कमी झाली होती, पण त्यांच्या गच्चीवर ऊन दहानंतरच यायला लागलं आणि डब्यांतली झाडं पिवळी पडू लागली. मावशींच्या वरच्या सज्ज्यावर सकाळपासून ऊन असायचं. त्यांनीच निरोप धाडला. मग रोज साडेसातला मास्तर पाण्याचं भांडं घेऊन लोखंडी जिना चढू लागले. सुरुवातीला पाणी खाली वाळत घातलेल्या कपड्यांवर गळायचं, तेव्हा मावशींनी त्यांना इतर कुणालाही सांगितला असता तसा नियम सांगितला: आधी खाली बघायचं, मग पाणी घालायचं. मास्तरांनी तो वहीत लिहून घेतला. त्यांची मुलगी आणि शिट्टी रविवारी आले की सगळे त्या सज्ज्यावर बसत. शिट्टीचे केस पांढरे झाले होते, शीळ मात्र तशीच.

वसतिगृह उघडलं त्या दिवशी गल्लीलाही बोलावणं होतं. मावशी आणि मास्तर हमरस्त्याला वळसा घालून गेले. भाषणं झाली, फीत कापली गेली. मास्तर खाली सावलीचे कोन तपासत उभे राहिले आणि मावशी एकट्याच चौथ्या मजल्यावर गेल्या. लांबच लांब मार्गिका, दोन्हीकडे एकसारखी दारं, नव्या रंगाचा वास. बहुतेक दारं बंद होती. एक उघडं होतं. आत एक मुलगी बंद पेटीशेजारी खाटेवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर. घरची माणसं नुकतीच परत गेली असणार.

मावशी दारात थांबल्या. आपण इथल्या कुणी नाही, हे त्यांना कळत होतं.

“खिडकी उघडू का?” त्यांनी विचारलं.

मुलीने मान हलवली. मावशींनी खिडकी उघडली, वारा आत आला. मग त्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि त्या मुलीला विचारलं की ती कुठला विषय शिकायला आली आहे. मुलगी आधी तुटक बोलली, मग जरा मोकळं. मावशी ऐकत राहिल्या. खालून मास्तरांनी एकदा हाक मारली. मावशींनी खिडकीतून हात दाखवला, थोडं थांबा म्हणून, आणि पुन्हा खुर्चीवर येऊन बसल्या.